कोपराचा कृत्रिम सांधा



उतारवयात हाडे ठिसूळ झाली, की नुसते घसरून हातावर पडल्यानेही दंडाच्या हाडाचे कोपराजवळचे टोक कधीकधी असे चुरडते,
की प्लेट आणि स्क्रू धरून ठेवण्याइतके हाडच उरत नाही.

अशा वेळी कृत्रिम सांधा बसवतात. त्याचा एक दांडा दंडाच्या हाडात, तर दुसरा करंगळीच्या बाजूच्या हाडात अस्थिसिमेंटने पक्का करून,
दोन्ही बिजागरीने जोडतात.

कोपर आपटल्यावर करंगळीला झिणझिण्या आणणारी नस मात्र आधी जपून बाजूला घ्यावी लागते.

पुन्हा सांगायचे, तर हा उपाय चुरडलेल्या, ठिसूळ हाडासाठी आहे, जुळू शकणाऱ्या हाडासाठी नव्हे;

कारण त्या हाताने साधारण ५ किलोहून अधिक वजन आयुष्यभर उचलायचे नसते: भरलेली कळशी नाही, आणि, कितीही हट्ट केला तरी, नातवंडही नाही.