कॅमेरा मैदानाकडे वळवा



कोलांटउडी शिकवताना शिक्षकाचा हात कुठे असतो, हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? तो मुलाच्या बाजूला गुडघा टेकून बसतो. एक हात मानेमागे, दुसरा मांडीखाली. हनुवटी छातीला टेकलेली नसेल तर मानेमागच्या हाताला ते आधी कळतं आणि तो मुलाला तिथेच थांबवतो. हे कळणं बोटांत मुरावं लागतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, १९१४ पासून, ते गादीवर आणि मल्लखांबावर मुरवलं गेलं. कांदिवलीला १९३८ साली सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली, तिथेही शिकाऊ शिक्षक पहाटे मैदानातच असायचे.

मग हे पडद्यावरून शिकवू पाहणाऱ्या ऑनलाइन प्रशिक्षणाला हसायचं का? मी हसत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळेला शारीरिक शिक्षणाचा निदेशक देऊ केला, तोही अर्धवेळ आणि पट शंभरावर असेल तरच. त्यामुळे खेड्यातल्या लहान शाळेत पीटीचा तास घेणारे सर बहुधा गणिताचे किंवा मराठीचे असतात. त्यांना कांदिवली कधी मिळणार? ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम २०१९ साली समोरासमोर सुरू झाला आणि कोरोनाच्या वर्षात, २०२० मध्ये, ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर गेला. तेव्हा या सरांच्या हाती निदान काहीतरी आलं. पाच-सहा चित्रफिती, शेवटी प्रश्नमंजुषा, मग प्रमाणपत्र. चित्रफीत चालू ठेवून वह्या तपासता येतात, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. तुम्ही हसताय, म्हणजे सभागृहात शिक्षक बरेच दिसतात!

नियम, आहार, प्रथमोपचाराची माहिती, हे सगळं पडद्यावरून उत्तम कळतं, त्यात वाद नाही. अडतं ते त्यापुढे. ‘खेलो इंडिया’च्या शालेय तंदुरुस्ती चाचण्याच घ्या. चौथीपासून पुढच्या मुलांसाठी त्यात उंची-वजनाचं प्रमाण, बसून पुढे वाकणं, पन्नास मीटर धावणं, सहाशे मीटर धावणं किंवा चालणं, पोटाचे व्यायाम आणि जोर आहेत. वाचायला सोपं. पण पुढे वाकताना गुडघा किंचित उचलला की बोटं जास्त पुढे जातात, आणि पट्टीवर दिसणारा आकडा खोटा ठरतो. तो गुडघा कोण धरणार?

सहाशे मीटरचं तर विचारूच नका. चारशे मीटरच्या आखीव धावपट्टीवर दीड फेरी मारली की झालं. आपल्या शाळेचं अंगण समजा चाळीस बाय पंचवीस मीटर आहे. कडेकडेने धावलं तर एक फेरी १३० मीटरची, म्हणजे चार फेऱ्या आणि वर ऐंशी मीटर. त्यात प्रत्येक कोपऱ्याला पोरगं वेग कमी करणार. ही वेळ धावपट्टीवरच्या वेळेशेजारी मांडून एखादं मूल ‘कमी तंदुरुस्त’ ठरवणं हा माझ्या मते अन्याय आहे. त्या सरांची अडचण त्यांच्या अंगणाची आहे, आणि ते अंगण प्रशिक्षण देणाऱ्याने कधी पाहिलेलंच नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कॅमेरा उलटा फिरवा. तज्ज्ञाने दाखवायचं आणि शिक्षकाने बघायचं, हे पुष्कळ झालं. आता शिक्षकाने आपल्या मैदानावर एक मिनिटाचं चित्रण करावं आणि तज्ज्ञाने ते बघावं. आधाराचा हात कुठे आहे, आपण उभे कुठे आहोत, रांगेतली उरलेली तीस मुलं तोवर काय करताहेत, हे त्यात दिसेल. चित्र थांबवून, मागे नेऊन, संथ करून बघता येतं. भल्याभल्या मैदानी शिबिरांतही गुरुजींना ही सोय नव्हती.

लगेच शंका येतील. मुलांचे चेहरे? पालकांची संमती घ्यावी, आणि शक्यतो रोख शिक्षकावर ठेवावा. कोलांटउडीच्या आधाराचा सराव तर दोन शिक्षकांनी आधी एकमेकांवरच करावा. वजनाचा अंदाज येईल आणि थोडी करमणूकही होईल. रेंज नसेल तर? चित्रण फोनमध्ये राहू द्यावं, तालुक्याला गेल्यावर पाठवावं. आणि बघणार कोण? शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांतले बी.पी.एड.चे विद्यार्थी, त्यांच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. त्यांना पाठाचे तास भरावे लागतातच. त्यातले काही तास दूरच्या एखाद्या शाळेतल्या सरांचं चित्रण बघून, त्यांच्याशी फोनवर बोलून भरू द्यावेत. उत्तर मात्र आठवड्याच्या आत जावं. पुढच्या सत्रात आलेल्या सूचनेचा त्या वर्गातल्या मुलांना उपयोग नाही.