शेळीचे पहिले एकवीस दिवस



कामगार चळवळीत केस पिकवलेल्या माणसाने शेळीच्या गाभणपणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या कितीतरी सभासदांच्या गावाकडच्या घरात अडीअडचणीची शिल्लक म्हणजे दारातली शेळीच असते. ती गाभडली, तर घराचा वर्षाचा हिशेब कोलमडतो.

शेळी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. बीज सुटते त्या जागी बीजकोशावर एक गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ती प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते, आणि त्याच्या बळावर गर्भाशय शांत राहून गर्भाला पोसते. गर्भ राहिला नाही, तर १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडते. पीतपिंड मोडतो आणि शेळी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते.

तेव्हा गर्भाला मुदत थोडी! मुदत संपण्याआधी त्याने आपली हजेरी लावलीच पाहिजे. वार रुजण्यापूर्वीच तो इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन सोडतो. त्याने प्रोस्टाग्लँडिनचे लोट थोपवले जातात आणि पीतपिंड वाचतो.

मेंढीत पुढे ५०-५५ दिवसांनंतर वारच पुरेसे प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. शेळीत तसे नाही. सुमारे १५० दिवस, वेतापर्यंत, सारा भार पीतपिंडावरच असतो.

व्यवहाराचा प्रश्न इथे येतो. कळप एकदम माजावर यावा म्हणून प्रोस्टाग्लँडिनची सुई देतात. गाभण शेळीला ती टोचली, तर पहिला महिना असो की चौथा, ती गाभडते. म्हणून सुईआधी तपासणी हवी. २१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमी आढळले, तर शेळी गाभण नाही. जास्त आढळले, तरी खात्री नाही; कारण शेळीत खोटा गाभही राहतो, गर्भाशयात नुसते पाणी साठते, आणि पीतपिंड तसाच टिकतो. महिन्याभराने केलेली सोनोग्राफी बहुधा निकाल देते.

आणि यंत्र नसेल तिथे? शेळी राखणाऱ्या बाईला विचारा. बोकड केव्हा लागला, शेळी उलटली की नाही, हे तिला ठाऊक असते. पण सुई टोचणारा बहुधा घरातल्या पुरुषाशीच बोलतो. श्रम जिचे, तिचा शब्द आधी ऐकावा, हा आमच्या चळवळीचा जुना नियम आहे. गोठ्यात तो पाळला, तर करडू वाचेल.