गाडी झटके खाते, तेव्हा आधी काय बघायचं?

आमच्या बचत गटाकडे एक जुनी डिझेल पिकअप आहे. पहाटे भाजी भरायची आणि सौद्याच्या आधी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचवायची. गाडी वाटेत अडली की सौदा हुकतो आणि माल पडेल त्या भावानं द्यावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात गाडी चढाला झटके खायला लागली. एका गॅरेजात लगेच सांगितलं, ‘पंप उतरवावा लागेल.’ पंपाचं काम म्हणजे गटाची कित्येक महिन्यांची बचत. म्हणून आम्ही ठरवलं, आधी कमी खर्चाचं तपासायचं.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. आत दाबलेली हवा इतकी तापते, की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. तेव्हा मुख्य प्रश्न दोनच: डिझेल नीट पोचतंय का आणि हवा पुरेशी मिळते का?

पहिलं काम, झटके कधी बसतात ते ड्रायव्हरला विचारून वहीत लिहा. उभी गाडी नीट चालते, पण भरल्या मालानं चढाला उठाव घेत नाही? मग डिझेल फिल्टर तुंबला असण्याची शक्यता जास्त. सकाळी चालू होऊन लगेच बंद पडते? मग पाइपाच्या जोडातून एअर घेत असेल. सारखी एका ठेक्यात मिसिंग होते? मग नोझल मिस्त्रीकडून तपासून घ्या.

दुसरं काम, धूर बघा. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर काढून बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम इंजिनही पांढरा धूर सोडत असेल, तर गाडी थांबवा आणि मिस्त्रीला दाखवा.

तिसरं काम, फिल्टरमधलं पाणी. इंजिन बंद करून गार होऊ द्या. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि स्क्रू परत घट्ट करा. पाणी जड, ते तळाशी बसतं. आमच्या बाटलीत दोन बोटं पाणी निघालं! टाकी धुतली, फिल्टर बदलला, एअर काढली. पंपाला हात न लावता गाडी मालासकट चढ चढली.

एक मात्र सांभाळा. कॉमन रेल इंजिनाचे डिझेलचे पाइप स्वतः सैल करू नका. त्यातली बारीक धारसुद्धा कातडीत घुसते. आणि डिझेलजवळ विडी-काडी नको.

आपलं कोल्हापूर ऑइल इंजिनांसाठी नावाजलेलं, उद्यमनगरात जाणते कारागीर आहेत. त्यांच्याकडे जाताना वही आणि बाटली सोबत न्या. नुसतं ‘गाडी बिघडली’ म्हणू नका. कधी, कुठं, किती माल असताना, ते सांगा. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.