बोगद्यातील श्रम आणि कॅमेऱ्याची नजर

(अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



डोंगराच्या पोटात राबणाऱ्या कामगाराचे छायाचित्र समोर आले की ते किती कौशल्याने टिपले आहे, याची वाहवा होते. त्यात श्रमाचा हिशेब किती उतरला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. स्वित्झर्लंडमधील गोटहार्ड रेल्वेबोगद्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

आल्प्सखालचा हा १५ किलोमीटरचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात झाला. कंत्राटदार लुई फाव्र यांनी तो आठ वर्षांत पुरा करण्याचे मान्य केले होते. विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५,००० फ्रँक आणि सहा महिन्यांनंतर १०,००० फ्रँक दंड, अशी अट होती. कागदावर ही जोखीम कंत्राटदाराची. प्रत्यक्षात ती खाली सरकत गेली आणि सुरुंगापाशी उभ्या असलेल्या इटालियन मजुराच्या छातीवर येऊन बसली. जुलै १८७५ मध्ये गोशेनेन येथे सुरुंगाच्या धुराने गुदमरलेल्या मजुरांनी काम थांबवले व मजुरीत वाढ मागितली. उरी परगण्याच्या सशस्त्र दलाने गोळीबार केला. चार मजूर ठार झाले.

मग कॅमेरा कोठे होता? त्या काळच्या काचपट्टीला भरपूर उजेड व निश्चल वस्तू लागे. पॅरिसच्या भूमिगत अस्थिगृहात विजेच्या दिव्यांवर चित्रे घेताना नादार या छायाचित्रकाराला एकेका चित्रास १८ मिनिटांपर्यंत वेळ लागे. जिवंत मजूर इतका वेळ स्थिर राहणार कसा? म्हणून नादारने मजुरांच्या जागी पुतळे उभे केले! चालता हात टिपणे तंत्राच्या आवाक्याबाहेर होते. साहजिकच बोगद्याचे तोंड आणि यंत्रे यांनाच छायाचित्रांत मान मिळाला.

१८७९ मध्ये फाव्र बोगद्याची पाहणी करीत असतानाच मरण पावले. फेब्रुवारी १८८० मध्ये दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांस भिडले, तेव्हा त्या छिद्रातून सर्वांत आधी एका डब्यातून पलीकडे गेले ते फाव्र यांचे छायाचित्र. भावना समजण्याजोगी आहे. परंतु अपघातात दगावलेल्या सुमारे २०० मजुरांपैकी कोणाचे चित्र पलीकडे गेले? आणि शौचालयांअभावी, उष्ण चिखलातून आकडीकृमीची लागण होऊन पंडुरोगाने खंगलेले मजूर तर अपघातांच्या त्या आकड्यातही मावत नाहीत.

छायाचित्राने जे टिपले नाही, ते शिल्पकाराने केले. व्हिन्चेन्झो व्हेला यांनी १८८२ मध्ये मृत सोबत्याला वाहून नेणाऱ्या मजुरांचे उत्थित शिल्प घडवले. त्याची कांस्यप्रत १९३२ मध्ये बोगद्याच्या दक्षिण मुखाशी, आयरोलो येथे उभी राहिली.

त्याच पर्वताखाली २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा नवा बोगदा खुला झाला. माथ्यावर २,३०० मीटर खडक, खडकाचे तापमान ४५ अंशांपर्यंत. हवा थंड करून ती २८ अंशांवर ठेवावी लागे. १५ ऑक्टोबर २०१० रोजी खोदकाम भिडले, तेव्हा संत बार्बरेची मूर्ती घेऊन पलीकडे आलेले कामगार जगभरच्या पडद्यांवर दिसले. या वेळी आधी कामगार आले, हे खरोखर स्वागतार्ह आहे. तरीही त्या कामात नऊ जणांनी प्राण गमावले होते, आणि उत्सवाच्या चित्रात ते असू शकत नव्हते.

येथे एक भ्रम टाळला पाहिजे. २०० वरून नऊवर आलेला आकडा कॅमेऱ्याची किमया नव्हे. मोकळी हवा, सुरक्षेचे नियम आणि ते नियम मागण्याची कामगारांची संघटित ताकद यांचे ते फळ आहे. छायाचित्र साक्ष देऊ शकते, न्याय देऊ शकत नाही. म्हणून चित्रासोबत मजुरीचा दर, पाळीचे तास आणि मृतांची यादीही मागितली पाहिजे. १८५६ ते १८६३ या काळात हजारो मजुरांनी खोदलेल्या बोरघाटातून जाणाऱ्या मराठी प्रवाशाला ही मागणी परकी वाटू नये. बोगदा अंधारात खोदला जातो. त्याचा हिशेब तरी उजेडात झाला पाहिजे.