शिसे काढून लिथियम बसविताना

पांढुर्णा काय किंवा सौंसर काय, ई-रिक्षा आता कोणास नवलाची राहिलेली नाही. तिच्या आसनाखाली बहुधा १२ व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या असतात. त्या थकल्या की मालक विचारतो, "मास्तर, लिथियम बसवू काय?" अवश्य बसवावी; ओझे पुष्कळ उतरेल आणि पाणी घालण्याची कटकटही जाईल. पण जुना चार्जर आधी बाजूस ठेवावा.

लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा एकेक घट ३.२ व्होल्टचा. असे १६ घट ओळीने जोडले म्हणजे ५१.२ व्होल्ट होतात. भरताना कोणताही घट ३.६५ च्या वर, म्हणजे सारा संच ५८.४ च्या वर जाता कामा नये. शिशाचा चार्जर हे जाणत नाही. बॅटरी भरल्यावरही तो थोडा प्रवाह सोडीतच राहतो. शिशाला ते मानवते, लिथियमला नाही. संचातील रक्षक-मंडल पहारा करते खरे, परंतु पहारेकरी आहे म्हणून दार रोज उघडे टाकावे काय?

जुना मीटरही फसवितो. शिशाचे व्होल्ट हळूहळू उतरतात, त्यावरून उरलेल्या विजेचा अंदाज येतो. लिथियमचे व्होल्ट बराच वेळ जवळजवळ स्थिर राहतात आणि शेवटी एकाएकी कोसळतात. काटा भरल्यासारखा दिसतो अन् रिक्षा भर रस्त्यात थांबते. तेव्हा चार्जरबरोबर मीटरही नवा घ्यावा, आणि बॅटरीलगत योग्य क्षमतेचा फ्यूज आहे ना, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.