डब्यातल्या गोळ्या आणि टोपलीतली भाजी
(पाड्यावरच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



आज वसुली आणि वह्यांचं काम लवकर उरकलंय, म्हणून मागच्या महिन्यात राहिलेला विषय घेते. आपल्यातल्या एका मावशींनी साडेतीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं होतं. कारण लिहिलं होतं, ‘मुलाच्या जिमसाठी’. पोरगा रोज गोरेगावला जिमला जातो, चांगलं आहे. तिथे कुणीतरी सांगितलं, प्रोटीनचा डबा घे, सोबत अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घे, बॉडी लवकर बनते. तुम्ही मला विचारलंत, "मॅडम, हे काय असतं? कर्ज द्यायचं का?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आज वाचून आलेय.

सफरचंद चिरून ठेवलं की काळं पडतं ना? हवेतल्या ऑक्सिजनमुळे होतं ते. फोडीला लिंबू चोळलं तर बराच वेळ पांढरी राहते, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व तो मारा स्वतःवर घेतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे असं काम करणारे पदार्थ. आपल्या शरीरातही रोजच्या कामातून त्रास देणारे कण तयार होतात. चुलीचा धूर, तंबाखू यांनी ते वाढतात. (मिश्रीवाल्या मावश्या हसतायत, पण हे तुमच्यासाठीच आहे.) भाज्या-फळं त्यांना आवरायला मदत करतात.

पण त्यांनी स्नायू बनत नाहीत. स्नायू बनतो प्रथिनांनी आणि मेहनतीने. उलट व्यायाम करताना हे कण थोडे वाढावेच लागतात. त्यावरून स्नायूला कळतं की काम वाढलंय, आता मजबूत व्हायला हवं. मोठ्या डोसच्या गोळ्या घेतल्या तर हा निरोप दबू शकतो. जर्मनीत तरुणांवर केलेला एक अभ्यास २००९ साली छापून आला. व्यायामाने शरीर साखर जास्त चांगली वापरायला लागतं. क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांना नेमका हा फायदा मिळाला नाही. फिनलंडमध्ये तर सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला. गाजरात असतं त्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्या ज्यांना दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला १९९४ मध्ये दिसून आला. म्हणून गाजर खायला घाबरू नका, प्रश्न गोळीतल्या मोठ्या डोसचा आहे.

आता मला खरं टोचलेलं सांगते. पावसाळ्यात आपल्यातल्याच कितीजणी टाकळा, कुरडू, कर्टोली, शेवग्याचा पाला घेऊन बोरिवली स्टेशनबाहेर बसतात. त्याआधी करवंदं, जांभळं असतात. ही सगळी टोपली अँटिऑक्सिडंटनेच भरलेली असते. ती विकून आलेल्या पैशातून आपण गोळ्या आणायच्या? विका जरूर, पण दोन जुड्या घरी ठेवा. एक आवळा खाल्ला तरी दिवसाचं क जीवनसत्त्व जवळजवळ भागतं. लिंबू मात्र भाजी उतरवल्यावर पिळा, उकळलं की जीवनसत्त्व कमी होतं. पालेभाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोहही अंगी लागतं. रक्त कमी असलेल्यांनी जेवणाला लागून चहा घेऊ नका.

प्रथिनांचं म्हणाल तर ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात, व्यायाम करणाऱ्या पोराला आणखी जास्त. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर फुटाण्यांत दहा तरी. सुकट, सोडे, मूग, मटकी आहेतच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात बॉडी बनवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळायलाच सांगितलंय. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

मी त्या मावशींच्या पोराशीही बोलले. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, थेट रात्री जेवण. त्या पोटावर तो वजनं उचलतो! मी म्हटलं, आधी महिनाभर भिजवलेले हरभरे आणि दोन अंडी खाऊन बघ. तो "बघतो" म्हणाला. पोरं असंच म्हणतात.

कर्ज द्यायचं की नाही ते गटाने ठरवायचं, पैसे तुमचे आहेत. पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी असा डबा किंवा गोळ्यांची बाटली असेल त्यांनी ती घेऊन या. मागचं बारीक अक्षर आपण सगळ्या मिळून वाचू.