किल्ल्यातील बारा आणि अध्यक्षाची निवड

अहमदनगरचा भुईकोट किल्ला म्हटला, म्हणजे सुशिक्षित मराठी माणसास बहुधा दोन गोष्टी आठवतात. पहिली, चांदबिबीने मोगली फौजेस दिलेली झुंज; आणि दुसरी, १९४२ च्या ऑगस्टात इंग्रज सरकारने तेथे आणून कोंडलेले काँग्रेसचे पुढारी. या दुसऱ्या गोष्टीची हकीकतही सामान्यतः ग्रंथांपाशी येऊन थांबते. पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये पाच महिन्यांत तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर' मधील पत्रे लिहिली, डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांनी 'फेदर्स अँड स्टोन्स' सिद्ध केले. तुरुंगात एवढे वाङ्मय निर्माण झाले याचे कौतुक योग्यच आहे. परंतु त्या बंदिवानांकडे आणखी एका दृष्टीने पाहण्यासारखे आहे, आणि ती दृष्टी सहसा कोणी घेत नाही.

किल्ल्यात एकंदर बारा जण होते: मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, पट्टाभि सीतारामय्या, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद आणि हरेकृष्ण महताब. यांपैकी पाच जण पूर्वी किंवा पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि सहावे, म्हणजे आपले शंकरराव देव, त्या पदासाठी उभे राहून पडले. अध्यक्ष कोणी निवडावा, मत देणाऱ्या प्रतिनिधींनी की आधी एकत्र बसून नाव मुक्रर करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, या प्रश्नावर काँग्रेसमध्ये जे कटू वाद झाले, त्यांतील बहुतेक वादी आणि साक्षीदार नगरच्या त्या एका चौकात, एकाच पंक्तीला जेवत होते. एक मोठा प्रतिवादी मात्र त्या पंक्तीत नव्हता. त्याच्याकडे पुढे वळावयाचेच आहे.

प्रथम निवडणुकीची रीत. चार आणे वर्गणी भरून कोणीही काँग्रेसचा सभासद होई. हे सभासद प्रतिनिधी निवडत, आणि ठरलेल्या दिवशी प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी अध्यक्षासाठी मत देत. कागदावर पाहिले तर ही पद्धत चोख लोकशाहीची. व्यवहारात मात्र मत देण्याची वेळ सहसा येतच नसे. नाव आधी ठरे, बाकीचे उमेदवार माघार घेत, आणि निवड एकमताने झाल्याचे जाहीर होई. १९२९ साली लाहोरच्या अधिवेशनासाठी दहा प्रांतिक कमिट्यांनी गांधीजींचे, पाचांनी वल्लभभाईंचे आणि अवघ्या तिघींनी जवाहरलालजींचे नाव सुचविले होते. गांधीजींनी नकार दिला, वल्लभभाई दूर झाले, आणि अध्यक्ष झाले जवाहरलाल. खानदेशातील फैजपूरच्या १९३६ च्या अधिवेशनाच्या वेळीही वल्लभभाईंनीच माघार घेतली. मात्र तेव्हा त्यांनी बजावून ठेवले, की अध्यक्ष निवडला म्हणजे काँग्रेस आपले सर्व अधिकार त्या एका व्यक्तीच्या हाती देते असे नाही.

या एकमताच्या परंपरेला पहिला तडा गेला तो १९३९ च्या जानेवारीत. हरिपुऱ्याचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी पुन्हा उभे राहण्याचे ठरविले. ज्येष्ठ मंडळींच्या मनात मौलाना आझादांचे नाव होते. परंतु त्यांनी माघार घेतली, आणि पट्टाभींना पुढे करण्यात आले. २४ जानेवारीस कार्यकारिणीतील सात जणांनी बार्डोलीहून पत्रक काढून सुभाषबाबूंना माघार घेण्याची विनंती केली. अपवादात्मक परिस्थिती असल्याखेरीज त्याच माणसास पुन्हा अध्यक्ष करू नये, आणि पट्टाभींची निवड एकमताने होऊ द्यावी, असा पत्रकाचा आशय. सात सह्यांमध्ये पटेल, कृपलानी आणि देव यांच्या सह्या होत्या. हा नियम सांगताना सह्या करणारांना एका गोष्टीचा विसर पडलेला दिसतो: दोनच वर्षांपूर्वी, फैजपूरला, जवाहरलालजींची अशीच फेरनिवड झाली होती.

सुभाषबाबूंचे उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. त्यांनी विचारले, की अध्यक्ष जर प्रतिनिधींनी निवडावयाचा असेल, कार्यकारिणीतील वजनदार मंडळींनी नेमावयाचा नसेल, तर सरदार आणि त्यांचे सहकारी आपला आदेश मागे घेऊन प्रतिनिधींना मनाप्रमाणे मत देऊ देतील काय? पुढे ८३ वर्षांनी, १७ ऑक्टोबर २०२२ रोजी, त्याच पक्षाच्या अध्यक्षपदासाठी मल्लिकार्जुन खर्गे आणि शशी थरूर उभे होते, तेव्हा थरूर यांनी जवळजवळ हीच तक्रार केली: प्रांतांचे प्रमुख एकाचे स्वागत करतात आणि दुसऱ्यास भेटतही नाहीत. खर्गे यांना ७८९७ मते पडली, थरूर यांना १०७२. असो.

२९ जानेवारी १९३९ रोजी मतदान झाले. सुभाषबाबूंना १५८० मते मिळाली आणि पट्टाभि सुमारे दोनशे मतांनी पडले. कार्यकारिणीतील मातब्बरांचा स्पष्ट आग्रह असतानाही प्रतिनिधींनी तो मानला नाही. गांधीजींनी लगेच पत्रक काढले, की हा पराभव पट्टाभींपेक्षा आपला अधिक आहे.

या एका वाक्याने मतपत्रिकांचा अर्थच पालटला. प्रतिनिधींना विचारलेला प्रश्न साधा होता: या वर्षी अध्यक्ष कोण? त्यांनी उत्तर दिले: सुभाषबाबू. आता त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही गांधीजींविरुद्ध मत दिले. असे त्यांच्यापैकी कितीकांच्या मनात होते? मार्च महिन्यात त्रिपुरीस याचा पडताळा आला. गांधीजी तेव्हा राजकोटला होते. सुभाषबाबू तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून मंडपात आणलेले, आणि त्यांचे भाषण त्यांच्या बंधूंनी वाचून दाखविलेले. अशा वेळी गोविंद वल्लभ पंतांनी ठराव मांडला, की अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. आणि ज्या प्रतिनिधींनी दीड महिन्यापूर्वी सुभाषबाबूंना निवडून दिले होते त्यांनीच तो ठराव संमत केला.

यावरून प्रतिनिधी चंचल होते असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आढळतात. ते बरोबर नाही. त्यांना अध्यक्ष सुभाषबाबू हवे होते आणि सेनापती गांधीजी हवे होते. दोन्ही एकदम हवे असण्यात त्यांच्या दृष्टीने विसंगती नव्हती. दोहोंतून एक निवडा असा पेच वरच्यांनी घातला. समाजवादी गटाने सुभाषबाबूंना मते दिली होती. पंतांच्या ठरावावर मात्र तो तटस्थ राहिला. अच्युतराव पटवर्धन त्या गटाच्या संस्थापकांपैकी, आणि ते नगरचेच. सुभाषबाबूंनी २९ एप्रिलला कलकत्त्यास राजीनामा दिला, त्यांच्या जागी राजेंद्रबाबू आले, आणि मे महिन्याच्या आरंभी फॉरवर्ड ब्लॉक निघाला. त्यात महाराष्ट्रातून सेनापती बापट सामील झाले, ते पारनेरचे. प्रश्न दिल्ली-कलकत्त्याचा दिसतो खरा. पण त्याची झळ नगर जिल्ह्यापर्यंत पोचली होती.

पुढल्या वर्षी मौलाना आझाद एम. एन. रॉय यांना हरवून अध्यक्ष झाले. रॉय यांना १८३ मते, आझादांना अठराशेहून अधिक. मुदत एका वर्षाची. परंतु महायुद्ध, सत्याग्रह आणि तुरुंग यांमुळे ती सहा वर्षे लांबली, आणि त्यांतील सुमारे पावणेतीन वर्षे अध्यक्ष नगरच्या किल्ल्यात होते. प्रारंभी बंदिवानांना वृत्तपत्रेही मिळत नसत. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात आझाद हिंद सरकारची घोषणा झाली, तेव्हा त्रिपुरीस ठराव मांडणारे पंत, बार्डोलीच्या पत्रकावर सही करणारे तिघे, आणि पराभूत उमेदवार पट्टाभि, असे सर्व जण नगरच्या तटाआड बागेतील फुलझाडांची निगा राखीत दिवस मोजत होते. ज्याला त्यांनी अध्यक्षपदावरून जाऊ दिले तो समुद्रापलीकडे फौज उभी करीत होता. या दोन चित्रांवरून कोणी कोणाला दोष द्यावा असे नाही. पण प्रतिनिधींच्या एका मताची किंमत काय, हे मोजताना दोन्ही चित्रे डोळ्यांसमोर असलेली बरी.

सुटकेनंतर, १९४६ च्या एप्रिलात, तोच प्रश्न अधिक मोठा होऊन पुढे आला. जो अध्यक्ष होईल त्यालाच हंगामी सरकारचे पुढारीपण मिळणार, हे जाणकारांना दिसत होते. १५ प्रांतिक कमिट्यांपैकी १२ कमिट्यांनी वल्लभभाईंचे नाव सुचविले. जवाहरलालजींचे नाव एकाही प्रांतिक कमिटीने सुचविले नाही. गांधीजींचा कल मात्र जवाहरलालजींकडे होता. तेव्हा कार्यकारिणीतच एक कागद फिरविण्यात आला, त्यावर सह्या होऊन जवाहरलालजींचे नाव दाखल झाले, आणि वल्लभभाईंनी पुन्हा माघार घेतली. कागद फिरविला आचार्य कृपलानींनी. ते त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्यांची नावे कागदावर होती ते आणि ज्याने कागद फिरविला तो, असे तिघेही किल्ल्यातले सोबती!

बारा प्रांतांतील मंडळींना काय वाटले असेल? त्याची एक साक्ष उपलब्ध आहे. महाकोशल प्रांतिक कमिटीचे प्रमुख द्वारकाप्रसाद मिश्र यांनी आपल्या आठवणींत म्हटले आहे, की जवाहरलालजींचे भावी पंतप्रधानपद हिरावून घ्यावे असा आमचा मुळीच हेतू नव्हता. ते तीनदा अध्यक्ष झाले होते, वल्लभभाई वयाने वडील, त्यांना निदान दुसऱ्यांदा संधी मिळावी एवढेच आम्हांस न्याय्य वाटले. येथेही १९३९ चाच प्रकार, फक्त उलट्या दिशेने. प्रांतांनी उत्तर दिले पाळी कोणाची या प्रश्नाचे. निर्णय झाला राज्य कोणी चालवावे याचा. त्या दुसऱ्या प्रश्नावर प्रांतांचे मत कोणी विचारलेच नाही.

वडीलधाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नव्हे. वल्लभभाई सत्तर वर्षांचे, प्रकृतीने खचलेले. जवाहरलालजी छप्पन्न वर्षांचे, इंग्रजांच्याच शाळेत आणि विद्यापीठात शिकलेले, परदेशांत परिचित. काँग्रेसच्या यंत्रणेबाहेर, सर्वसामान्य जनतेत, त्यांची लोकप्रियता अफाट होती, आणि प्रांतिक कमिट्या म्हणजे काही सारी जनता नव्हे. शिवाय युद्धात सैनिकांची मते घेऊन सेनापती नेमीत नाहीत, हा युक्तिवादही तेव्हा लोकांना पटत असे. वल्लभभाईंनी स्वतः ब्र काढला नाही. परंतु हीच कारणे प्रतिनिधींपुढे मांडून, त्यांचे मत वळवून, मग निवड केली असती तर काय बिघडले असते? मौलाना आझादांनी आपल्या जागी जवाहरलालजींचे नाव जाहीरपणे सुचविले होते. वल्लभभाईंना पाठिंबा दिला नाही ही आपली चूक झाली, असे त्यांनीच पुढे आठवणींत नमूद केले.

एकदा ही वाट पडली म्हणजे तिच्यावरून सर्वांनाच चालावे लागते. १९४६ च्या अखेरीस कृपलानी स्वतः अध्यक्ष झाले आणि वर्षभरात त्यांनी राजीनामा दिला. तक्रार अशी, की सरकार पक्षाच्या अध्यक्षाला काही विचारीतच नाही. त्यांच्या जागी आचार्य नरेंद्र देवांना घ्यावे असे गांधीजींनी सुचविले. या वेळी कार्यकारिणीने गांधीजींचेही ऐकले नाही. १९४८ च्या मार्चमध्ये समाजवाद्यांनी नाशिकला काँग्रेस सोडण्याचा निर्णय केला. नरेंद्र देवांनी संयुक्त प्रांताच्या विधानसभेतील जागेचा राजीनामा देऊन फैजाबादहून पुन्हा निवडणूक लढविली, आणि ते पडले. तेव्हा प्रांताचे मुख्यमंत्री होते गोविंद वल्लभ पंत. नगरच्या किल्ल्यात दोघे एकत्र बंदिवासात होते.

पट्टाभि १९४८ च्या अखेरीस, पहिल्या पराभवानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, पुरुषोत्तमदास टंडन यांना हरवून अध्यक्ष झाले. १९५० च्या ऑगस्टात टंडन पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासमोर किल्ल्यातलेच दोघे होते: कृपलानी आणि शंकरराव देव. जवाहरलालजींचे मन कृपलानींकडे होते. सरदार टंडनांच्या बाजूस होते. नाव आधी ठरविणारे दोन वडीलच आता एकमेकांविरुद्ध गेल्यामुळे प्रतिनिधींच्या मतपेटीला पुन्हा काम मिळाले. टंडन यांना १३०६ मते पडली, कृपलानींना १०९२ आणि शंकरराव देवांना २०२.

टंडन सप्टेंबरमध्ये नाशिकच्या अधिवेशनात अध्यक्षस्थानी बसले. डिसेंबरात सरदार वारले. पुढील वर्षी कृपलानींनी काँग्रेस सोडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. किल्ल्यातील त्यांचे जुने सोबती प्रफुल्लचंद्र घोष त्यांच्याबरोबर गेले. १९५१ च्या सप्टेंबरात टंडनांनी राजीनामा दिला, आणि काँग्रेसचे अध्यक्षपद पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी स्वतःकडे घेतले.